साठ हजारांत घरच्या वापराचा आणि व्हिडिओ संपादनाचा संगणक: पैसे नेमके कशावर घालावेत

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपण बार्शीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता, आठवड्याला वीस-वीस मिनिटांचे दोन पाठ मोबाईलवर ४के मध्ये चित्रित करता आणि मराठी उपशीर्षके घालून ते विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देता. जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइन, म्हणजे संपादनासाठी चित्रणाचे तुकडे मांडलेली पट्टी, जागची हलत नाही. नव्या संगणकावर घरच्या मसाल्याच्या व्यवसायाचे हिशेब टॅलीमध्ये ठेवायचे आहेत, अकरावीतील मुलीचा अभ्यासही त्यावरच व्हायचा आहे, आणि मॉनिटर व यूपीएस धरून ६० हजारांपलीकडे जायचे नाही. आपल्यापुढे तीन पर्याय आहेत: स्थानिक दुकानदाराने २४ हजारांत देऊ केलेला ‘आय-७ एडिटिंग पीसी’, दुसऱ्या दुकानातला ८५ हजारांचा गेमिंग संगणक, आणि मित्राने सुचवलेला अॅपलचा मॅक मिनी संगणक. यांतला कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे संगणक जोडण्याचे आणि लग्नाच्या चित्रणापासून शैक्षणिक फितींपर्यंत सर्व प्रकारच्या संपादनाचे काम करीत आलो आहे. माझे मत असे की तिन्ही पर्याय बाजूला ठेवून आपण सुटे भाग निवडून संगणक जोडून घ्यावा. त्यात इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर असावा आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर नसावे. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, साठवणीसाठी एक टीबीची एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि रंग नीट दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्यावा, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सध्या घेऊच नये. शेवटची गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल, म्हणून तिथपर्यंत मी कसा आलो ते जरा सविस्तर सांगतो.

संपादनाचा वेग कशावर ठरतो याविषयी फार मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर होईल असा अनुभव माझ्या पिढीच्या संपादकांना आलेला आहे. वीस वर्षांपूर्वी आम्ही मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रण करीत असू. फायरवायरच्या तारेने ती कॅसेट संगणकात उतरवायला तासाच्या चित्रणाला पूर्ण एक तास लागत असे, आणि त्या एका तासाची फाइल सुमारे १३ जीबीची होत असे. मात्र एकदा ती उतरली की पेन्टियम ४ सारख्या, आज कोणी फुकटही घेणार नाही अशा प्रोसेसरवर टाइमलाइन लोण्यासारखी सरकत असे. त्या फितीतील प्रत्येक चौकट, म्हणजे फ्रेम, स्वतंत्रपणे दाबून साठवलेली असे, त्यामुळे कोणत्याही जागी उडी मारली तरी संगणकाला तेवढी एकच चौकट उलगडावी लागत असे.

आता आपल्या मोबाईलच्या फाइलकडे पाहा. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की सेकंदाला ३० चौकटींच्या वेगाने ४के चित्रण एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीत एका मिनिटाला १७० एमबी घेते. म्हणजे तासाला साधारण १० जीबी. अँड्रॉइड फोनचा आकडा थोडाफार निराळा असेल, पण गणिताचा अर्थ बदलत नाही. मिनीडीव्हीची चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची होती, तर ४के ची ३८४० गुणिले २१६० बिंदूंची आहे. बिंदू बरोबर वीसपट झाले, आणि जागा मात्र पूर्वीपेक्षा कमी लागते. ही किमया साधते ती अशी: फोन ठरावीक अंतराने एखादीच चौकट पूर्ण साठवतो आणि मधल्या चौकटींत ‘आधीच्या किंवा पुढच्या चौकटीपेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद ठेवतो. चित्रपटासारखे सलग पाहताना यात काही अडचण येत नाही. पण संपादन करताना आपण पुढे जातो, मागे येतो, मध्येच कापतो, आणि प्रत्येक वेळी संगणकाला मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासूनची सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा करावी लागते. फोनने जी जागा वाचवली, तिची किंमत अशी संपादनाच्या टेबलावर चुकवावी लागते.

हे काम दोन प्रकारे होऊ शकते. एक तर प्रोसेसरचे सर्वसाधारण गाभे, म्हणजे कोअर, घाम गाळून ते करतील, किंवा त्यासाठीच चिपमध्ये खोदून ठेवलेला एक छोटा स्वतंत्र विभाग ते सहज करील. इंटेलने असा विभाग २०११ पासून आपल्या बहुतेक प्रोसेसरांत दिला आहे आणि त्याला क्विक सिंक असे नाव आहे. तो अंगभूत ग्राफिक्सचाच, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा जो विभाग प्रोसेसरमध्येच असतो त्याचा, भाग असतो. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स चालू नसते, आणि म्हणून क्विक सिंकही मिळत नाही. एफ असलेला आय-५ प्रोसेसर हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो आणि दुकानदार तो आनंदाने सुचवतात, परंतु आपल्या कामात ती बचत म्हणजे बैल विकून नांगर घेण्यासारखी आहे. आय-५ १२४०० जानेवारी २०२२ मध्ये आला. त्यात ६ कोअर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, आणि फोनचे एचईव्हीसी, अगदी जास्त रंगछटांचे १० बिट चित्रणसुद्धा, तो या स्वतंत्र विभागात उलगडतो. चार पैसे जास्त असतील तर १२५०० पाहावा, कारण त्यातील यूएचडी ७७० ग्राफिक्समध्ये असे उलगडणारे विभाग दोन आहेत, तर १२४०० मधील यूएचडी ७३० मध्ये एकच आहे. एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांचे चित्रण लावायचे असेल तर हा फरक जाणवतो. आपण एकाच फोनवर चित्रण करता, त्यामुळे १२४०० पुरेसा आहे.

याच कसोटीवर आता तो २४ हजारांचा ‘आय-७’ तपासू. आपण पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘आय-७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स’ एवढेच लिहिले आहे. आय-७ हे कुळाचे नाव आहे. त्यामागचा आकडा कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आपण दुकानदाराला फोन करून तो आकडा विचारलात हे फार चांगले केले, आणि उत्तर आले ३७७०. चार आकडी संख्येतील पहिला अंक पिढी सांगतो, दुकानाच्या भाषेत जनरेशन. म्हणजे हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि तो २०१२ मध्ये बाजारात आला. पाच आकडी संख्या असेल तर पहिले दोन अंक पिढीचे धरावेत, त्यामुळे १२४०० हा बाराव्या पिढीचा ठरतो. आपला फोन ज्या एचईव्हीसी पद्धतीत चित्रण साठवतो, तिचे प्रमाणीकरणच मुळी २०१३ मध्ये झाले. त्याआधी बनलेल्या चिपला ती पद्धत ठाऊक असणे शक्यच नव्हते. सोबतचे ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे जीटी ७३०, असे आपण लिहिता. ते कार्ड २०१४ चे आहे आणि तेही एचईव्हीसी उलगडत नाही. थोडक्यात, ‘एडिटिंग पीसी’ असे नाव दिलेल्या त्या खोक्यात आपल्या पाठांची फाइल हाताळण्यासाठी घडवलेला एकही भाग नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, या यंत्रात त्यातले काहीच नाही. अशा संगणकांवर विंडोज ११ वाकड्या वाटेने बसवून देतात, पण ज्या यंत्रावर आपण व्यवसायाचे हिशेब ठेवणार आणि बँकेचे व्यवहार करणार, त्यावर असा खेळ करू नये.

मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ही यंत्रे घेणारी माणसे बहुधा पहिल्यांदाच संगणक घेत असतात. म्हणून दुकानात कोणताही संगणक दाखवला तर स्वतः एवढे करून पाहावे: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात आणि उघडलेल्या खिडकीत ‘परफॉर्मन्स’ हा भाग निवडावा. तेथे सीपीयूवर टिचकी मारली की उजवीकडे वर प्रोसेसरचे संपूर्ण नाव आकड्यासह दिसते, आणि मेमरीवर मारली की रॅम किती आहे, तिचा वेग काय आणि किती खाचा भरलेल्या आहेत हे कळते.

जुने यंत्र घ्यायचेच असेल तर त्याचा चांगला मार्गही आहे. मोठ्या कार्यालयांतून भाडेकरार संपल्यावर बाहेर पडणारे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर हे संगणक दणकट असतात, आणि त्यांतले पुष्कळसे विंडोजच्या अधिकृत परवान्यासह येतात. आठव्या पिढीचा आय-५ ८५०० असलेले यंत्र मिळाले तर त्यात ६ कोअर आहेत, ते विंडोज ११ च्या यादीत बसते आणि त्याचे अंगभूत ग्राफिक्स फोनचे एचईव्हीसी चित्रण उलगडू शकते. फुल एचडी संपादनासाठी ते आजही उपयोगी आहे, आणि आपले अंदाजपत्रक ३० हजारांचे असते तर मी तेच सुचवले असते. त्याची उणीव अशी की छोट्या आकाराच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस कंपनीचाच खास आकाराचा असतो, ग्राफिक्स कार्ड अर्ध्या उंचीचेच बसते, आणि पुढे एखादा भाग गेला तर तो तालुक्याच्या गावी मिळत नाही.

८५ हजारांच्या गेमिंग संगणकाविषयी मला फार बोलायचे नाही. तो वाईट नाही, पण त्यातला मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर आणि दिव्यांवर झाला आहे. ग्राफिक्स कार्डाची खरी गरज आहे की नाही हे आपण कोणता प्रोग्राम वापरणार यावर ठरते, म्हणून संगणकाच्या आधी प्रोग्राम ठरवावा असे मी प्रत्येकाला सांगतो. डाविंची रिझॉल्व्ह हा रंगसंस्काराचा राजा आहे आणि त्याची मोफत आवृत्ती ४के पर्यंत काम देते, मात्र तो जवळजवळ प्रत्येक गोष्ट ग्राफिक्स कार्डावर टाकतो आणि अंगभूत ग्राफिक्सवर लवकर धापा टाकू लागतो. त्याउलट केडेनलाइव्ह आणि शॉटकट हे मुक्त प्रोग्राम स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर फारसे अवलंबून नसतात. अॅडोबीचा प्रीमियर प्रो क्विक सिंकचा उत्तम उपयोग करून घेतो, पण त्याचे पैसे दरमहा भरावे लागतात. आपले काम म्हणजे कापणे, जोडणे, फळ्यावरची आकृती मोठी करून दाखवणे, उपशीर्षके आणि थोडी आवाजाची दुरुस्ती. यासाठी केडेनलाइव्ह पुरेसा आहे. पुढे रिझॉल्व्हकडे वळावेसे वाटले तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड घ्यावे. ते केवळ ७० वॅट घेते आणि त्याला एसएमपीएसमधून वेगळी तार लागत नाही, त्यामुळे दोन वर्षांनीसुद्धा कॅबिनेट उघडून मुलगी ते स्वतः बसवू शकेल.

उपशीर्षकांचा विषय निघालाच आहे, तर मराठीसाठी एक सूचना करतो, कारण इंग्रजीतील मार्गदर्शनात ती कधीच सापडत नाही. पुष्कळ संपादन-प्रोग्राम देवनागरी जोडाक्षरे फोडतात किंवा वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात. प्रोग्राम निवडण्यापूर्वी त्यात ‘कर्तृत्व’, ‘पेशीद्रव्य’, ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘सूक्ष्मदर्शक’ हे चार शब्द टंकून पाहावेत आणि अंतिम फाइल बनवून तीत ते कसे उमटतात ते तपासावे. प्रीमियर प्रोमध्ये मजकुराच्या सेटिंगमधून ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ ही निवड केल्याशिवाय जोडाक्षरे नीट येत नाहीत. श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमध्ये चालत नाही; तो युनिकोडमध्येच असावा लागतो. फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) या नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी वापरावा. दोन्ही विनामूल्य आहेत आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर स्पष्ट वाचता येतात.

मॅक मिनीविषयी मात्र आपल्या मित्राचे म्हणणे मी हलके लेखणार नाही. एम४ चिपचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये होती, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी ती त्याहून कमी असते, आणि फोनचे चित्रण तो इतक्या सहजतेने हाताळतो की या किमतीत त्याला जोड नाही. वीजही फार कमी लागते. पण त्यात मॉनिटर, कळफलक आणि माऊस येत नाहीत, मूळ प्रतीत साठवण २५६ जीबीच असते, आणि १६ जीबी रॅम चिपलाच जोडलेली असल्यामुळे ती पुढे कधीही वाढवता येत नाही. आपल्या बाबतीत निर्णायक गोष्ट वेगळीच आहे: टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. घरातील एक माणूस रोज ज्या कामासाठी यंत्रापुढे बसणार आहे, ते कामच त्यावर सरळ होत नसेल तर बाकीचे गुण वाया जातात.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी हाही दुकानात आपल्याला सुचवला जाईल. हिशेब, अभ्यास आणि फुल एचडी संपादन यांसाठी तो छान आहे. पण संपादन-प्रोग्रामांनी क्विक सिंकची सोय जितकी जुळवून घेतली आहे तितकी एएमडीच्या उलगडणाऱ्या विभागाची घेतलेली नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून किंमत सारखीच असेल तर मी इंटेलकडे झुकतो.

आता रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती फार चढल्या आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कारखान्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळला आहे. त्यामुळे दुकानदार ‘सध्या ८ जीबी घ्या, पुढे वाढवू’ असे म्हणतील. ८ जीबीवर टॅली आणि ब्राउझर चालतील, पण ४के संपादन चालणार नाही; येथे माघार घेऊ नये. ३२ जीबीची मात्र आपल्याला गरज नाही. एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात असे मी म्हटले, त्याचे कारण असे की अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते याच रॅममधून उसनवारी करते, आणि दोन पट्ट्या असल्या की ये-जा करण्याचा रस्ता दुपदरी होतो. बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही प्रकारांसह चालतो, पण एका मदरबोर्डवर यांतली एकच बसते. खरेदीच्या दिवशी मदरबोर्ड आणि रॅम मिळून जी जोडी स्वस्त पडेल ती घ्यावी. वेगातील फरकासाठी आपल्या कामात जादा पैसे मोजू नयेत. मदरबोर्ड निवडताना एच६१० चिपसेटच्या बोर्डापेक्षा बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा चांगला, कारण त्यांवर बहुधा रॅमच्या चार खाचा आणि एसएसडीच्या दोन जागा असतात, आणि पुढची सगळी वाढ तिथेच होते.

साठवणीचे गणित आपल्या कामावरून करू. वीस मिनिटांच्या पाठासाठी आपण साधारण चाळीस मिनिटांचे चित्रण करता असे धरले, तर एका पाठाचे मूळ चित्रण ७ जीबीच्या आसपास, आठवड्याचे १४ आणि शैक्षणिक वर्षातील चाळीस आठवड्यांचे ५६० जीबी होते. म्हणून एक टीबीची एसएसडी चालू कामासाठी आणि जुने पाठ ठेवण्यासाठी बाहेरून जोडायची एक साधी हार्ड डिस्क, अशी विभागणी करावी. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजार किंवा त्याहून अधिक. पण खरे सांगायचे तर मोबाईलच्या चित्रणाला सेकंदाला तीन एमबी पुरतात. फरक पडतो तो वेगाच्या आकड्यामुळे नव्हे, तर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारताना हार्ड डिस्कची सुई जी थांबते, त्यामुळे. म्हणून सात हजार एमबीची जाहिरात करणारी महाग एसएसडी घेऊ नये. मात्र क्यूएलसी प्रकारची घेण्याचेही टाळावे, कारण तिच्यावर मोठी फाइल उतरवताना सुरुवातीचा वेग ओसरला की ती फार मंद होते. पेटीवर किंवा कंपनीच्या पानावर टीएलसी असे लिहिलेले असावे.

हार्ड डिस्कविषयी एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. अनेक वर्षांपूर्वी एका लग्नाचे संपूर्ण चित्रण मी एकाच डिस्कवर ठेवले, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड पुसून दुसऱ्या कामाला दिले, आणि तिसऱ्या दिवशी ती डिस्क टक-टक आवाज करीत बंद पडली. त्या घरातील आजीबाई पुढच्या वर्षी वारल्या, आणि त्यांचे हलते-बोलते असे तेवढेच चित्रण होते. तेव्हापासून दोन ठिकाणी प्रत उतरल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही, आणि आपणही पाठ पूर्ण होऊन प्रसिद्ध होईपर्यंत फोनमधील मूळ फाइल काढून टाकू नये.

संगणक चांगला असूनही संपादन अडखळले, तर दोन उपाय हाताशी ठेवावेत. पहिला प्रॉक्सीचा: प्रोग्राम आपल्या ४के फाइलची एक लहान, सहज उलगडणारी प्रत बनवतो, आपण कापाकापी त्या प्रतीवर करतो आणि अंतिम फाइल बनताना तो आपोआप मूळ ४के चित्रण वापरतो. केडेनलाइव्हमध्ये ही सोय सेटिंगमध्ये एका खुणेने चालू होते. रात्री जेवणापूर्वी प्रॉक्सी बनवायला लावाव्यात, जेवण होईपर्यंत बहुतेक तयार असतात. दुसरा उपाय आवाजासाठी आहे. मोबाईल सेकंदाला नेमक्या ३० चौकटी टिपत नाही. उजेड कमी-जास्त झाला की वेग २९, ३०, २८ असा बदलतो. पाठाच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, पण अठराव्या मिनिटाला ‘पेशी’ हा शब्द ऐकू येतो तेव्हा ओठ आधीच मिटलेले असतात, आणि माणूस संगणकाला दोष देत बसतो. अशी फाइल हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून स्थिर चौकट-वेग निवडून एकदा काढून घेतली की हा दोष जातो.

मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पटलाचा आणि एसआरजीबी या ठरलेल्या रंगसंचापैकी ९९ टक्क्यांच्या आसपास रंग दाखवणारा असावा. सूक्ष्मदर्शकाखालील रंगवलेल्या पेशी आपण दाखवता, तेव्हा जांभळा आणि गुलाबी यांतला भेद दिसायला हवा. ४के मॉनिटरची गरज नाही.

एसएमपीएस आणि वीज या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस कधीही वापरू नये. तो जळताना सोबत मदरबोर्डही नेतो. ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा ४५० ते ५५० वॅटचा घ्यावा, म्हणजे पुढे कार्ड बसवतानाही तोच चालेल. हा प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा ११७ वॅटपर्यंत घेतो, त्यामुळे मॉनिटर धरूनही ६०० व्हीएचा यूपीएस, ज्याची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते, पुरतो. बॅटरी नवी असताना काम जतन करून संगणक शांतपणे बंद करण्याइतका वेळ मिळतो, आणि दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायाने हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या, तर घराचे अर्थिंग बरोबर नाही असे समजावे आणि संगणक पुढे वापरण्याआधी ते इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा लक्षात घेता कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये, आणि होळीच्या सुमारास दरवर्षी पंख्यांवरची धूळ ब्रशने काढावी.

खरेदी बार्शीत करा, पुण्यात करा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन करा, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ‘कच्च्या बिलात अठरा टक्के वाचतील’ असे सांगितले जाते, पण एसएसडी वॉरंटीत बंद पडली तर कंपनीचे सेवा केंद्र बिलच मागते. मसाल्याच्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर संगणक व्यवसायाच्या नावावर घेण्याविषयी आपल्या कर सल्लागाराला जरूर विचारावे. कोटेशनमध्ये विंडोजचा अधिकृत परवाना आहे की नाही हेही आधीच विचारून घ्यावे, कारण बहुतेक कोटेशनांत तो नसतो आणि त्याची रक्कम ६० हजारांतूनच काढावी लागणार आहे. तेवढ्यासाठी पैसे कमी पडले तर कळफलक, माऊस आणि जुना चालू स्थितीतला मॉनिटर यांवर भागवावे, रॅम आणि एसएमपीएस यांवर नव्हे.

आणि दुकानात जाताना आपल्याच एखाद्या पाठाची फोनमधील मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये न्यावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली नको, कारण ती आधीच दाबून लहान झालेली असते. त्याच प्रोसेसरचे एखादे यंत्र दुकानात बहुधा चालू असते. त्यावर शॉटकट उघडून ती फाइल टाइमलाइनवर घ्या, सेटिंग्जमधून प्रॉक्सी बंद ठेवा आणि पाच-सहा ठिकाणी भराभर उड्या मारून पाहा. त्याच वेळी मघाशी सांगितलेल्या तीन कळांची खिडकी बाजूला उघडी ठेवून सीपीयूचा आकडा आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स, या भागातील ‘व्हिडिओ डीकोड’ची रेषा पाहा. प्रोग्रामची आवृत्ती आणि सेटिंग यांनुसार ही रेषा निराळी दिसू शकते, म्हणून फाइल एखाद्या साध्या व्हिडिओ प्लेअरमध्येही लावून पाहा. तेथे रेषा वर चढून सीपीयू शांत राहिला, तर फोनचे चित्रण उलगडणारा विभाग जागेवर आहे आणि चालू आहे असे समजून पैसे द्यायला हरकत नाही.